दिवा लागल्यावर घ्यायचं नाही ते नाव

शुक्र. ३ मे
ह्यांच्या पाठीवर रांगेने गांधी उठलेल्या. म्हटलं, हमद टाउनहून फुकट आणलेल्या पलंगाचा प्रसाद. म्हणाले, "पलंग स्वच्छ होता. संज्याने आणले ढेकूण, लेबर कॅम्पात मित्राकडे झोपत होता." संजूभावजी इकडे आखातात व्हिजिट व्हिसावर आलेले, अजून नोकरी नाही, धाकटा भाऊ बोलणार काय.
आणि ते नाव देवापुढे दिवा जळत असताना. माहेरी दिवेलागणीनंतर घेत नसत, घेतलं की वाढतात. 'तांबडे' म्हणायचं.

शनि. ४ मे, एकादशी
उपास. आज मारायचे नव्हते. ह्यांनी ऐकलं नाही, चपलेने ठेचले. गादीभर डाग, आपलंच रक्त. वास कुजक्या कोथिंबिरीचा.
जेवताना हे: "दुसऱ्याच्या रक्तावर जगतोस. ढेकूण आहेस तू."
"दादा, पाठचा भाऊ आहे मी."
"ढेकणासारखा चिरडून टाकीन."
असं सगळेच म्हणतात. माझे वडीलही म्हणायचे. मी भात वाढला.

रवि. ५ मे
मंडळातल्या जोशीबाईंना फोन, संस्कृतच्या शिक्षिका होत्या. विचारलं, हे नाव आलं कुठून? म्हणाल्या, संस्कृतात मत्कुण, पण ढेकूण त्यातून आलेला दिसत नाही. प्राकृतातला जुना शब्द, त्यामागे माग लागत नाही. "हिंदीवाले खटमल म्हणतात. खाटेचा मळ, असं सांगतात. निदान खाटेला दोष देतात गं. तुला कशाला पण हे?"
घरात रोज ऐकते म्हटलं.
रात्री ह्यांना सांगितलं. "मॅट्रिक झालीस तेवढं पुरे."

मंगळ. ७ मे
पलंग उघडला. भावजींनी फळी उचलून धरली, मी उकळतं पाणी ओतणार. सांधा नुसता तांबडा, वळवळता. भावजी म्हणाले, "बघ दादा, घर इथंच आहे त्यांचं. पलंगातच."
ह्यांनी फळीवर पाय दिला. सगळा भार. आवाज आला तरी पाय काढला नाही. मी ह्यांना मागे ओढलं तेव्हा
भावजींची दोन बोटं चेचली. नखं फळीलाच राहिली.
हॉस्पिटलात मल्याळी नर्सने विचारलं, कैसे हुआ? हे म्हणाले, "पलंग गिर गया." भावजींनी मान डोलावली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पदर चाचपत बसले.

गुरु. ९ मे
हॉस्पिटलने पोलिसांना कळवलंय. शनिवारी तिघांना बोलावलं, वेगवेगळं विचारणार.
हे मला: "माझा व्हिसा गेला की तुझाही गेला. पलंग पडला. खलास."
भावजी: "मी काही सांगणार नाही वहिनी. तुम्ही पाहिलंत, तुम्ही ठरवा."
देवासमोर खोटं बोलले नाही कधी. पोलीस म्हणजे देव नव्हे, पण
दिवा लावला. देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर एक चढत होता, टम्म फुगलेला. ह्यांनी चप्पल उचलली. "थांब दादा." भावजींनी डाव्या अंगठ्याने सावकाश चिरडला, भिंतीकडे न बघता, ह्यांच्याकडे बघत. मग रक्ताळलेला अंगठा ह्यांच्यापुढे धरला.
"ओळख बघू. तुझं की माझं?"
हे आत गेले.
मी भिंत पुसली. डाग पसरला फक्त. शनिवारची साडी काढून ठेवली.