आपण तुडवलेली वर्गाची जमीन

बाबा, तुझा आवाज आता मला आठवत नाही, खोकला तेवढा आठवतो. हे पत्र मी सांगतेय आणि नात लिहितेय. तू असतास तर म्हणाला असतास, बोलायला हिला कोणी लागत न्हाय, मेलेला बाप पन चालतो.

गावात सरकारी कॉलेज सुरू करायचं ठरलं तेव्हा जागा मिळाली ती आपल्या मिठागराच्या काठावरची कौलारू शेड. आतली जमीन तेवढी तू करून द्यायची होती. दुसऱ्या कुणी शेणमातीनं सारवून दिली असती. पण तुला जमीन म्हणजे एकच ठाऊक, मिठागराचा तळ. तू खाडीचा चिखल आणलास आणि आईला, मला पायांनी तुडवायला लावलंस. मी कमरेवर हात ठेवून नाचतेय, तू ओरडतोयस, "नाचतेस कशाला, जोर दे! इथं शिकनारी मानसं बसनार हायत."

"आनि मी?"

"तू तर सगल्यांच्या आदी शिरलीस!"

म्हणजे त्या कॉलेजात पहिली मी. पास की नापास, ते कोणी विचारलं नाही.

उन्हाळा आला आणि जमिनीनं मीठ वर काढलं. खाली बसलेली मुलं उठली तर सगळ्यांची बुडं पांढरी. सरांनी तुला बोलावलं, "अहो, हा वर्ग आहे की मिठागर?" तू हात जोडलेस, "साहेब, आमाला दुसरं येतं काय?" मग दर उन्हाळ्यात आई जाऊन झाडून यायची. पुढे फरशी आली, शेजारी तीन मजले उभे राहिले, शांती नगर, सिल्व्हर पार्क असल्या नव्या वसाहतींतली मुलं येऊ लागली. मला वॉचमन अडवू लागला, "किससे मिलना है, अम्मा?" पण आपण तुडवलेल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत फरशीच्या सांध्यांतून मीठ अजून येतंय.

आता कॉलेज बंद होतंय, बाबा. तिथंच शिकणाऱ्या नातीचं शेवटचं वर्ष राहिलंय, ते कुठंतरी लांब जाऊन करायचं. माझा मुलगा म्हणतो, एवढं शिकली ते पुरे, आता लग्नाचं बघू. मी भांडले. तो म्हणाला, "आई, तुला यातलं काय कळतं?" साऱ्या आळीला टोमणे मारणारी मी, उठून भांडी घासायला बसले.

काल नातीला घेऊन कॉलेजच्या मोठ्या बाईंकडे गेले. चांगल्या आहेत, खुर्ची दिली, चहा दिला. "आजी, आमच्या हातात काही नाही हो." मी तरी काय करणार? चहा प्यायले. निघताना कोपऱ्यातल्या खोलीत चपला काढून जरा पाय आपटले. नात म्हणाली, "आजी, चल ना, सगळे बघतायत."

आत्ता ती विचारतेय, पत्ता काय घालू? मी म्हटलं, राहू दे. 'नात पुढच्या वर्षीही कॉलेजला जाईल', एवढं लिही नि बंद कर. तिचं पेन थांबलंय. तिनं ते लिहिलं की नाही मला वाचता येत नाही, आणि तिला विचारायचा धीर होत नाही.