गॅलरीतली मावशी

प्रिय शेखर,

तू जळगावहून पाठवलेलं दत्तकासाठीचं संमतीपत्र मिळालं. दुसऱ्या लग्नानंतर तुझ्या घराची घडी नीट बसलीय हे वाचून बरं वाटलं. मनापासून सांगते, तुझ्यावर राग नाही. क्षितिजा गेली तेव्हा स्वरदा रांगतही नव्हती. एकट्या बापाने काय करायचं? तूच म्हणालास, "ताई, तुम्हीच तिचे आईबाप व्हा, तिला काही कळू देऊ नका." म्हणून इथे भुकूमला आल्यावर मी क्षितिजाचे, माझ्या सख्ख्या बहिणीचे, सगळे फोटो माळ्यावर टाकले. स्वरदा मला आई म्हणते, चंद्रकांतना बाबा.

मागच्या महिन्यात आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, दोन वाटा आहेत. दत्तक घेतलंत तर पोर कायमची तुमची, जन्मदाखल्यावरही तुमचीच नावं. पालकत्व घेतलंत तर कोर्ट तुम्हाला पालक नेमेल, ती सज्ञान होईपर्यंत; पण तिच्या आईबापांची नावं तशीच राहतील. आम्ही लगेच म्हणालो, दत्तकच.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, स्वरदाने विचारलं, "आई, त्या मावशीला आत का घेत नाहीस?" गॅलरीत कुणी नव्हतं. समोर डोंगर, खाली नव्या इमारतीचं काम. मी हसले. मग रोजच सुरू झालं. दार लावलं की रडायची. "कोण मावशी?" म्हटलं तर म्हणाली, "तीच म्हणते, मला मावशी म्हण. तिच्या भुवईत खाच आहे."

शेखर, लहानपणी उंबराच्या झाडावरून पडून आपल्या क्षितिजाच्या भुवईत तशीच खाच पडली होती, आठवतं? ती खाच स्वरदाने कुठे पाहिली असेल?

चंद्रकांत म्हणाले, लहान मुलं काहीबाही रचतात. मीही तेच धरून बसले. पण घरमालकीण सारजाबाई दूध द्यायला आल्या, दारातच थबकल्या. "पोरगी कुनाशी बोलतीया?" मी सगळं सांगितलं. त्यांनी गॅलरीकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "कागदं लई केली असतील तुमी. तिच्या आईला इचारलं का? न्हाई ना? मग ती पाव्हनी होऊनच येनार की!"

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. माझी धाकटी बहीण स्वतःच्या लेकीची मावशी म्हणवून घेत बाहेर उभी आहे, ते आपल्यामुळेच. सकाळी मी फोटो खाली काढले, स्वरदाला मांडीवर घेऊन सांगितलं, ही तुझी आई, मी मावशी. ती मुळीच दचकली नाही. फक्त म्हणाली, "मग बाबा कुठे आहेत?"

म्हणून हे पत्र. तुझं दत्तकाचं संमतीपत्र मी परत पाठवतेय. आम्ही पालकत्वच घेणार. स्वरदा आमच्याकडेच वाढेल, पण क्षितिजाचं आणि तुझं नाव लावून. त्यासाठी तुझी नवी संमती हवी, आणि तूही यायला हवास. लवकर ये. हे फोनवर बोलायचा धीर झाला नाही, कारण स्वरदा आता गॅलरीकडे तोंड करून "आई" अशी हाक मारते. काल मी स्वयंपाकघरात होते. सवयीने ओ देणार, तेवढ्यात थांबले.

गॅलरीतून ओ आली.

तुझीच,
सुलक्षणाताई