तुमच्या थोरल्या भावाचा ठावठिकाणा

अण्णा, तुम्हाला एक थोरला भाऊ होता हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की घरातल्या नव्या सुनांनी तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. आत्याला ताप होता म्हणून तिला परभणीला माझ्याकडे आणलं होतं. दुपारी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते, तर डोळे मिटूनच ती म्हणाली, "थोरला दादा आला का गं?" मी म्हटलं, "आत्या, अण्णा गेले ना." तशी ती चिडली. "तो धाकला. मी थोरल्याला इचारायलेय." ताप उतरल्यावर मी पुन्हा विषय काढला. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तुझ्या बापानं शपथ घातली व्हती मला. आता तो बी न्हाई अन् माझं बी काय ऱ्हायलंय. ऐक."

तुम्हाला हे सगळं ठाऊकच आहे. तरी मला जसं कळलं तसं लिहिते, कारण तुमच्या तोंडून ते कधी ऐकायला मिळालं नाही. झरीच्या पुढच्या आपल्या खेड्यात शेजारच्या शेतकऱ्याची जनावरं आपल्या ज्वारीत शिरायची. ऐन हुरड्यातलं पीक त्यांनी दोनदा खाल्लं. पारावर भांडण झालं आणि तुमचा भाऊ चारचौघांत बोलून गेला, "तुझ्या कडब्याची राख करीन." त्या उन्हाळ्यात अख्खं गाव एका लग्नाला गेलेलं असताना, भर दुपारी, त्यानं शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. त्याला वाटलं रानात कुणी नाही. पण शेजाऱ्याचा सालगडी अंगात कणकण होती म्हणून लग्नाला गेला नव्हता. गंजीच्या पलीकडच्या सावलीत तो झोपला होता. भाऊ घराकडं निघालाही होता, तेवढ्यात त्याला ओरडणं ऐकू आलं. तो माघारी पळाला, पेटत्या पेंढ्या हातांनी उपसून त्यानं माणूस बाहेर ओढला. "पर तो ऱ्हायला न्हाई," आत्या म्हणाली. "अन् दादा पळाला बी न्हाई. लोक येईस्तोवर तिथंच बसला व्हता, हात असे पुढं धरून. सालगड्याची बायको पोटुशी व्हती गं."

जन्मठेप झाली. शेत वकिलात गेलं. आत्याला सासरी उठता बसता खुनी घरची म्हणत. आणि तुम्ही, जेमतेम मिसरूड फुटलेलं पोरगं, गाव सोडून रेल्वेत लागलात आणि पिंगळीला आलात. तिथं कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलंत की आपल्याला भाऊ नाही, एक बहीण तेवढी आहे.

आत्या बोलताना हात पुढे धरून दाखवत होती आणि मला एकदम आपलं पिंगळीचं क्वार्टर आठवलं. मी तिसरी चौथीत असेन. दुपारची वेळ आहे, आई चुलीपाशी धपाटे थापतेय. दारात एक माणूस येऊन उभा राहतो. अंगात ढगळ सदरा, डोक्याला फडकं. "घरधनी हायत का?" आई म्हणते, "ड्युटीवर हायत. बसा." मी पाणी नेऊन देते तर तो तांब्या बोटांनी धरत नाही. दोन्ही तळव्यांच्या मधे दाबून धरतो आणि पितो. त्याची बोटं वाकडी, एकमेकांना चिकटल्यासारखी. मी बघतेय हे बघून तो हात सदऱ्याखाली घेतो आणि विचारतो, "शाळंत जातीस का?" मी मान हलवते. तो म्हणतो, "जात जा." एवढ्यात तुम्ही येता, काखेत हिरवी आणि लाल झेंडी. त्याला पाहून जागच्या जागी थांबता. तो उठून उभा राहतो. तुम्ही खालच्या आवाजात म्हणता, "परभणीची गाडी यायलीय. चला." आई म्हणते, "अहो, धपाटे झालेत, दोन घास तरी..." तुम्ही ऐकत नाही. तो तुमच्या मागून स्टेशनाकडं जातो.

परत आल्यावर तुम्ही आईवर ओरडलात. "वळख ना पाळख, कुणालाबी उंबऱ्यात बसवायलीस? घरात पोरी हायत." तुम्ही आईवर आवाज चढवलेला मला तेवढाच आठवतो. मग तुम्ही तो तांब्या घेतलात आणि मोरीत बसून राखेनं घासत राहिलात. तुम्ही कधी भांडं घासलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. आई दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आम्ही पोरींनी ठरवून टाकलं की तो माणूस चोर होता.

पुढे मी नर्स झाले आणि माझी ड्युटी जळीत वॉर्डात लागली. तुम्ही पिंगळीहून काही द्यायला आलात की दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहायचात, वॉच्‌मनच्या हाती निरोप पाठवायचात. आत या म्हटलं तर म्हणायचात, "तिथला तो वास मला सोसत न्हाई." मी ते मनावर घेतलं नाही, अनेकांना सोसत नाही. पण भाजलेले हात असे आखडतात हे मी त्या वॉर्डात रोज बघत होते, आणि तरीही दारात आलेला तो माणूस मला एकदाही आठवला नाही. आत्याचं ऐकल्यावर मला तुमचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावण्यात काही अर्थ नसतो, पण राग यायचा तो आलाच. नंतर राग थोडा निवळला आणि मी तुमच्या भावाला शोधायला निघाले.

झरीहून रिक्षा करून गावात गेले. फाट्यावरच्या हॉटेलात त्याच्या वयाचा म्हणता येईल असा एकच म्हातारा होता. मी भावाचं नाव सांगितल्यावर त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "कशाला उकरून काढायल्या, बाई? तुमी कोण त्याच्या?" "पुतणी." "आमाला वाटलं, त्या घराला आता तो नकोच हाय." मग तो म्हणाला, "सुटल्यावर एकडाव आला व्हता. देवळापाशी उभा ऱ्हायला. बस म्हून कुणी म्हणलं न्हाई. मी बी न्हाई म्हणलो, अन् आमी दोघं एका ताटात जेवलेलो. त्यानं एकच इचारलं, सालगड्याची बायको कुठं असती. मी सांगितलं, माहेरी गेली, पूर्णेच्या काठाला. मग गेला. मला वाटलं, पाया पडून येईल. पर तो इकडं परत आलाच न्हाई."

त्यानं सांगितलेल्या गावी मी गेले. पत्र्याच्या घरापुढं माझ्याहून थोडी मोठी बाई सुपात तूर पाखडत होती. सालगड्याची, बापाचं तोंड न पाहिलेली मुलगी हीच. मी कोण हे सांगितल्यावर सूप थांबलं. तिनं मला उठून जा म्हटलं असतं तर मी गेले असते. तिनं आत जाऊन पाणी आणलं आणि माझ्यासमोर बसली.

"आमच्या आईनं वळखलं त्याला, हातावरून," ती म्हणाली. "धोंडे मारले. तो गेला न्हाई. आमच्या वावराच्या कडंला लिंबाखाली बसून ऱ्हायला. पीक आलं की राखण करायचा, पाखरं हाकलायचा. हातानं गोफण फिरंना, म्हून वरडायचा दिसभर. आईनं लय दिवस बघितलं बी न्हाई तिकडं. मग एकदा भाकर नेऊन दगडावर ठिवली. तवापासून रोज ठिवायची. पर बोलली न्हाई. मरेस्तोवर एक शबुद न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी बोलायची. मला कुठं कळत व्हतं? मोठी झाल्यावर कळलं, मग मी बी थांबले. माझ्या लग्नात मांडवाच्या भायेर बसला व्हता. जेवला का न्हाई, कुणी बघितलं न्हाई."

एका हिवाळ्यात सकाळी तो लिंबाखाली गेलेला सापडला. गावातले लोक सरण रचायला निघाले, तेव्हा तिच्या आईनं त्यांना अडवलं. "आई म्हणली, ह्याला जाळू नका. मातीत घाला." लोकांना ते पटलं नाही, आपल्यात तशी रीत नाही. पण ती ऐकेना, म्हणून त्यांनी त्याला वावराच्या कडेला पुरलं. ती दया होती की राग होता, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मी बी लय येळा मनात इचारलं. तिला इचारायची छाती झाली न्हाई." तिची आईही आता नाही.

तिनं मला जागा दाखवली. लिंब तोडलाय, तिथं आता बोअर आहे आणि कपाशी उभी आहे. मी तिथं हात जोडले की नाही हे मला आत्ता नीट आठवत नाही. परतताना बांधावरून पुढं चालता चालता ती मागे न वळता म्हणाली, "तो कवाकवा म्हणायचा, मला धाकला भाऊ हाय, रेल्वेत हाय. आमाला वाटायचं, उगंच म्हणतोय. असता तर आला नसता का एकदा?"

अण्णा, मला तुमचा तांब्या घासणारा हात दिसत होता. त्या वेळी तुम्हाला तीन पोरी होत्या, नोकरी होती, कुणी ओळखत नाही असं गाव होतं. तुम्ही दुसरं काय करायला पाहिजे होतं ते मला आजही सांगता येत नाही. त्याला गाडीत बसवताना तुम्ही त्याच्याशी काय बोललात, की काहीच बोलला नाहीत, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मी आत्याला फक्त एवढं सांगितलं की थोरला दादा शेतात, झाडाखाली गेला. ती म्हणाली, "बरं झालं," आणि कूस बदलून झोपली. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. बहिणींनाही नाही, त्यांच्या सुना, जावई आहेत.

आणि त्या बाईला मी बांधावर काय उत्तर दिलं तेही सांगून टाकते. मी म्हटलं, "माझे वडील त्यांना जन्मभर शोधत होते. त्यांना ठिकाणा लागला नाही." ती थांबली, मागे वळून तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अरं देवा, अन् आमी त्याला खोटा म्हणलो." ती अजून अधूनमधून फोन करते. खरं काय ते तिला सांगावं असं मला एकदाही वाटलेलं नाही.