तुझ्यासाठी दहाच

प्रिय दादा,

आज सकाळी एजन्सीचा माणूस नवे भाव सांगून गेला. कर वाढलाय, सिगारेट पुन्हा महागली. नवा आकडा लिहायला भावांचा पुठ्ठा पुढे ओढला. पण तो तसाच ठेवून हे पत्र लिहायला बसलो. तू गेल्याला वर्ष झालं, तरी तुला सांगायचं ते राहूनच गेलंय.

निघोज्यातल्या या टपरीचे पत्रे तूच ठोकलेस, आठवतं? लातूरहून आलो तेव्हा दापोडीच्या एका खोलीत तू, वहिनी, तान्ही स्वाती आणि मी. मला कुठल्याच कंपनीत घेईनात. तू दिवाळीचा बोनस माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालास, माझ्या कंपनीच्या गेटसमोरच टपरी टाक, म्हणजे तुझ्यावर नजर राहील. नजर कसली, तुला सकाळचा चहा फुकट हवा होता!

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा झाली की उरलेला झेंडूचा हार तू माझ्या स्टोव्हला घालायचास. लोक हसायचे. तू कुंकूही लावायचास.

आणि भवानी! फर्स्ट शिफ्टला जाताना टपरीची पहिली विक्री तुझ्याच हातून व्हायची. चहाचे पैसे कधी दिले नाहीस, सिगारेटचे मात्र रोख. दहाचं नाणं बरणीच्या झाकणावर टक्कन वाजवायचास. मग घड्याळाच्या काचेवर सिगारेट दोनदा ठोकायची आणि पेटवायची. सकाळी बरण्या पुसताना मी अजून त्या आवाजाची वाट बघतो.

स्वाती नववीत होती तेव्हा तिनं तुझ्याकडून सिगारेट सोडायचा शब्द घेतला. तू म्हणालास, दहाच्या वर गेली की त्याच दिवशी सोडली. आम्ही सगळे हसलो. ती तेवढी हसली नाही.

मग एका बजेटनंतर ती दहाची बारा झाली. गेटवर दुसरा विषय नव्हता. कुणी बिडीवर उतरला, कुणी दोघांत एक ओढू लागला. सिगारेटवाल्यांनी बोटाच्या पेरानं आखूड सिगारेट काढून जुन्याच भावात आणली. कर लांबीवर लागतो हे मला तेव्हा कळलं. पण तुझ्या शिफ्टमधल्या तिघांनी खरोखर सोडली.

त्या सकाळी तू आलास आणि नाणं मुठीत धरून उभा राहिलास.

“खरं सांग बाळ्या. वाढली असंल तर आजपासून बंद.”

“लोकांना वाढली, दादा. तुला कशी वाढंल? तुझ्यासाठी दहाच.”

किती वेळ उभा होतास तू! मग झाकणावर टक्कन आवाज झाला आणि मला बरं वाटलं. होय दादा, बरं वाटलं! ज्यानं दुकान उभं करून दिलं, त्याच्याकडून भवानीला दोन रुपये जास्त कसे घ्यायचे? पुढे बाराची पंधरा झाली. वरचे पैसे मी घालत गेलो आणि स्वतःला मोठ्या मनाचा समजत गेलो.

थोडा राग तुझ्यावरही आहे. तू स्टोअरचा माणूस, नटबोल्टचे भाव तुला तोंडपाठ. शेजारी लोक पंधरा मोजत होते, ते तुला दिसत नव्हतं? की मीच एकदा नाही म्हणावं, याची वाट बघत होतास?

कराचा काही उपयोग नाही असं गेटवर अजून म्हणतात. मी वाद घालत नाही. सिगारेट सोडलेले ते तिघं रोज माझ्याकडे चहा पितात आणि धाप न लागता शिफ्टला जातात; तुला शेवटी गेटपर्यंतही चालवत नव्हतं. आपल्या घरापुरता तो कर मी लागू होऊ दिला नाही.

वर्षश्राद्धाला स्वाती भेटली. आता हिंजवडीत नोकरी करते, बोलणं अगदी तुझ्यासारखं हळू. जेवताना म्हणाली, “काका, बाबांनी माझा एवढा एक शब्दसुद्धा पाळला नाही.” मी खाली बघून भात कालवत राहिलो.

सिगारेट विकणं बंद करीन असं वचन देत नाही, दादा. पोट यावर आहे, आणि ‘तुझ्यासाठी दहाच’ हे एक खोटं तुझ्याशी बोललो तेवढं पुरे. पण रविवारी दापोडीला वहिनी-स्वातीकडे जाणार आहे. स्वातीला समोर बसवून सांगणार आहे, की तुझे बाबा शब्द पाळायलाच आले होते, नाणं मुठीत घट्ट धरून. ती मूठ मी उघडायला लावली.

तुझ्या हातच्या भवानीवर जगलेला,
बाळू