घरटी एक

ता. २ फेब्रुवारी १९३७
किहीमची सभा आटोपून आलो. माणसं थोडी, हार मोठे. यंदाही कौन्सिलात निवडून आलो तर वेठ बंद करायचं बिल मीच मांडणार, असं पुन्हा बोललो. स्वतःच्याच भाषणाचा कंटाळा आलाय. खोत असून असं बोलतो, म्हणून पुण्याचे नेमस्त मित्र पाठ थोपटतात. इथे भावकी तोंड फिरवून जाते.

ता. ५
रामा आला, आमचं जुनं कूळ. मत कोणाला टाकू, विचारलं. म्हटलं, तुझ्या मनाला येईल त्याला. तोंडच उतरलं त्याचं. "आमचा काय चुकला, मालक?" समजावता समजावता नाकी नऊ आले. गो. (कारभारी) कपाळाला हात लावून बसलेले. म्हणतात, हुकूम सोडा, कुळांची मतं एकगठ्ठा पडतील. नाहीतर समोर उभा असलेला पेणचा वकील निवडून येतो नि बिल राहतं बोंबलत. खरंय. पण हुकमाने मत घ्यायचं, आणि कशासाठी तर वेठीविरुद्ध... छे.

ता. ८, मतदान
गो.नी मला न विचारता मतांसाठी वाड्यावाड्यांत हाक फिरवली. त्यांना एकच हाक ठाऊक, वेठीची : खोतांकडे घरटी एक! सकाळी अंगणात ही गर्दी, कोयते-टोपल्या घेऊन. वेठीला घरातलं बिनकामाचं माणूस धाडायची रीत. म्हणून सगळ्या म्हाताऱ्या, सुना, पोरं. मत असलेले बाप्ये तिकडे वाल उपटताहेत. गो. घामाघूम, पुन्हा हाक फिरवू म्हणाले. नको म्हटलं. सगळ्यांना घरी जा सांगितलं तर हलेनात, काम काय ते विचारीत राहिले. मी आत गेलो. त्यांनी आपसूक बांधाचं गवत कापलं, झावळ्या गोळा केल्या, गेले.
लाज वाटली. फार लाज वाटली.

ता. ९
रामा मत टाकून आला काल, एकटाच, पायी. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलंच.
खाली बघत म्हणाला, "तितला सायब बोल्ला, कोनाला सांगायचा न्हाय."
"मलाही?"
"मी इचारला त्याला. मालकाला पन न्हाय, म्हनला."
बरोबरच आहे. इतकी वर्षं कौन्सिलात दुसरं काय मागत होतो? मग राग कसला आला मला? रामाला तो दिसला असणार. घाईघाईने गेला बिचारा.
मोजणी उद्या, अलिबागला. गाडी किती वाजता जुंपू, गो. दोनदा विचारून गेले. अजून सांगितलं नाही.