हँडलखालची पत्री

बाबूजी, तुमचं सायकलचं दुकान कधीच मोडलं, पण नट-पान्यांचा डबा अजून माह्याजवळ आहे. बालाघाटात डाकियाची सायकल येवो की दूधवाल्याची, त्या एकाच डब्यातलं सामान साऱ्यांले बसे. आता नातीची डोंगरात चालवायची सायकल पाहा. दरसाल कंपनीवाल्यांच्या घरी नवं माप जन्मते. आधी चाकाचा आस बदलला, मंग सीटची नळी. आता हँडल धरणारा क्लॅम्प तुटला, तं जुन्या मापाचा निघणंच बंद. नवा मिळाला तो मोठ्या तोंडाचा; हँडल त्यात ढिल्या कवळीसारखं हाले. दुकानदार म्हणे, आजी, आता हँडलही नवं घ्या. मी म्हटलं, मंग घाटही नवा आणू काय.

नात म्हणे, रहने दो आजी. आज तिले मैत्रिणींसंग बैहरच्या घाटात जायचं होतं. तिचं उतरलेलं तोंड मले पाहवलं नाही असं लिहीन तं खोटं होईल. मले त्या दुकानदाराले दाखवायचं होतं. तुपाचा डबा कापला, पत्री चार पदरी करून हँडलाले गुंडाळली, क्लॅम्प कसला. हलवून पाहिलं, घट्ट.

"आजी, पक्का ना?"

"हौ. सायकलवाल्याची पोरगी आहो मी."

ती गेली सकाळी. तेव्हापासून मी दारात बसली आहो, अन् मी तुमच्या दुकानातली दहा वर्षांचीही आहो. डाकियाच्या हँडलाले पत्री लावून तुमच्यापुढं मिरवून राह्यली. तुमी पत्री ओढून काढता, माह्या बोटांवर पान्याचा दांडा हाणता. "सीटखाली पत्री चालते. सीट फिरली तं लोक हसतात. हँडल फिरलं तं लोक खांदा देतात."

हे मी विसरली नव्हती, बाबूजी. पत्री कापतानाही आठवत होतं. चढताना काही होत नाही, उतरताना सारा भार हातांवर येते. दुपार कलली. सात वेळा फोन लावला, घाटात लागत नाही.

हा कागद तुमच्या डब्यातच ठेवीन, पाठवू कुठं. तिच्या फोनवर मात्र, रेंज आली तं दिसन म्हणून, लिहून टाकलं, उतरताना पायी ये. काहून, ते लिहिलं नाही. कारण सांगितल्याबिगर ती कोणाचं ऐकत नाही, हे मले ठाऊक आहे.