माहेरची पंजीरी

मोगा, ४ नोव्हेंबर १९९६

ती. बेबेस,
सत्तीचा शि. सा. न. वि. वि. आणि सत श्री अकाल.

बेबे, मला भूक लागते. खरीखुरी, पोटातून ओरडणारी. डॉक्टरीणबाईंनी सिलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, सांगितला, गहू सुटला, त्याला वर्ष झालं. आता सरसोंच्या सागाबरोबर मक्याच्या तीन रोट्या सहज जातात. वेणी पुन्हा मुठीत मावत नाही. दोनदा गेलं होतं, यंदा सातवा महिना लागलाय. इतकं छान वाटतंय की भीतीच वाटते.

सासूबाई, म्हणजे आमच्या बीजी, माझ्याकडे बघून खूश असतात. परवा शेजारणीला सांगत होत्या, सून बरी झाली, आता कसलं पथ्य, गव्हाच्या मुलखात गव्हाचा रोग कधी कुणाला झालाय का. मीही हसले. पण आजारी होते तेव्हा त्या माझा तवा वेगळा ठेवायच्या. माझे गाल भरले तसा तो तवा दिसेनासा झालाय.

बापूजींच्या पायाला जप. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी लेक सत्ती

संगरूर, १२ नोव्हेंबर

चि. सौ. सत्वंत हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तीन रोट्या वाचून तुझा बाप मोडक्या पायानिशी गुरुद्वाऱ्यात निघाला होता. कसाबसा बसवला. त्याचं हे प्लास्टर नसतं तर तुला बाळंतपणाला इथेच आणली असती.

नवा तवा घे. गहू खात नाहीस म्हणून तू बरी आहेस, हे बीजींना स्पष्ट सांग. मूग गिळून बसायची तुझी खोड मला ठाऊक आहे. बाळंतिणीची पंजीरी मीच करीन. कणीक अजिबात नाही, मखाणे, राजगिरा, बदाम आणि तूप. दुसऱ्या कुणाच्या हातची खाऊ नकोस, माझी शपथ आहे.

पत्राला उशीर करू नकोस, जीव टांगणीला लागतो.
तुझी बेबे, नसीब कौर

मोगा, ३ मार्च १९९७

ती. बेबेस,
शि. सा. न.

नात बघायला कधी येतेस? नाक अगदी तुझं आहे, बिचारीचं. तुझी पंजीरी पोचली. बीजींनीच डबा आणून दिला, म्हणाल्या, तुझ्या बेबेच्या हातची आहे. रोज वाटीभर खाते. मखाणे इतके बारीक कुटलेस की कळतसुद्धा नाहीत.

पण पोट पुन्हा फुगतंय. जुलाब थांबत नाहीत, दूध आटत चाललंय, पोर रडून रडून झोपते. बाळंतपणात असं व्हायचंच, असं सगळ्याजणी म्हणतात. तुझ्या पंजीरीवरच उभी आहे.

आठवण काढत राहा.
सत्ती

मोगा, ८ मार्च

सौ. विहीणबाई नसीब कौर यांस,
गुरनाम कौरचा स. न. वि. वि.

पंजीरी पाठवलीच नाही, खाऊ देऊ नका, ही तुमची तार मिळाली. वाचून हसू आलं. एवढं काय घाबरायचं? तुमच्याकडे पायाचं दुखणं, उशीर होणारच. म्हणून घरच्या गव्हाची कणीक साजूक तुपात मीच भाजली आणि तुमचं नाव सांगितलं. नाहीतर ही कुठली ऐकायला! बाळंतिणीला कणकेवाचून ठेवली तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल. आणि पोरगी बरी झालीय, माझ्या डोळ्यांदेखत झालीय.

तार तिला दाखवली नाही, उगाच मनाला लावून घेईल. सध्या जरा मलूल आहे, उठून बसवत नाही. पोरीला गाईचं दूध लावलंय. तुम्ही धावपळ करू नका. अंगात ताकद यावी म्हणून आजपासून सकाळ-संध्याकाळ मीच तिला माझ्या हाताने पंजीरी भरवते आहे.

लोभ आहेच, तो वाढता असू द्यावा.
आपली, गुरनाम कौर